राष्ट्रीय ग्रंथालयाची तालिका आणि तलासरीचा पाडा

डहाणू किंवा तलासरी तालुक्यातील एखादा वारली अथवा कातकरी शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काचा दावा दाखल करावयास निघतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पुराव्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील जे नियम २००८ साली लागू झाले, त्यांतील तेराव्या नियमात ग्राह्य पुराव्यांची यादी दिलेली आहे. त्या यादीत गॅझेटियर आहेत, जनगणनेचे अहवाल आहेत, पाहणी व जमाबंदीचे अहवाल आहेत, नकाशे आहेत, वनखात्याच्या कार्ययोजना आहेत, सरकारने नेमलेल्या समित्यांचे व आयोगांचे अहवाल आहेत. रूढी-परंपरांची नोंद करणारे संशोधनही आहे. गावातील वडीलधाऱ्या माणसाचे निवेदनसुद्धा पुरावा ठरू शकते. मात्र ते लिहून घेतलेले असावयास हवे. शिवाय एकच पुरावा पुरेसा नाही. दाव्याचा निर्णय करताना एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही नियम सांगतो.

ही यादी बारकाईने वाचली तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. तिच्यातील निम्म्याअधिक वस्तू तलाठ्याच्या दप्तरापेक्षा ग्रंथपालाच्या कपाटात सापडावयाच्या आहेत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात कोणाच्या शेताचा सर्व्हे नंबर मिळणार नाही, हे खरे. पण या मुलखात वारली, कातकरी, कोकणा, दुबळा हे लोक कोठे आणि कसे राहत होते, जंगलाशी त्यांचा संबंध काय होता, याची सरकारी छापाची साक्ष तेथे मिळते. म्हणूनच राष्ट्रीय ग्रंथालय आपला संग्रह कसा उभारते आणि त्याची तालिका कशी तयार करते, हा विषय केवळ ग्रंथपालांच्या परिषदांपुरता उरत नाही. तलासरीच्या पाड्यावरील झोपडीपर्यंत त्याची एक वाट जाते. ती वाट मध्ये कोठे कोठे खचली आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

संग्रह कायद्याने होतो

कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय ही एकाएकी जन्माला आलेली संस्था नव्हे. १८३६ साली स्थापन झालेले कलकत्ता सार्वजनिक ग्रंथालय हे तिचे मूळ. लॉर्ड कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ साली ते इंपीरियल लायब्ररीत विलीन झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय ग्रंथालय हे नाव मिळाले आणि १९५३ साली मौलाना आझाद यांच्या हस्ते बेल्व्हेडिअरच्या वास्तूत ते जनतेसाठी खुले झाले. आज तेथील ग्रंथसंख्या वीस लाखांवर आहे. भारतीय भाषांचे स्वतंत्र विभाग असून त्यांत मराठीचाही आहे.

एवढा मोठा संग्रह चार मार्गांनी होतो : खरेदी, देणगी, विनिमय आणि कायदा. सर आशुतोष मुखर्जी यांचा सुमारे ८५ हजार ग्रंथांचा संग्रह हे देणगीचे ठळक उदाहरण. परंतु राष्ट्रीय ग्रंथालयाला ‘राष्ट्रीय’ हे विशेषण खऱ्या अर्थाने लावता येते ते चौथ्या मार्गामुळे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्यास पाठवावयाची असते. आणखी तीन प्रती चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईच्या नगरभवनातील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांच्याकडे जावयाच्या असतात. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही या कायद्याच्या कक्षेत आली.

ही कल्पना आपली नव्हे. फ्रान्सच्या राजाने १५३७ साली छापील ग्रंथाची प्रत राजग्रंथालयास देण्याचे बंधन प्रथम घातले आणि पुढे अनेक देशांनी ते उचलले. आपल्याकडे १८६७ च्या कायद्याने मुद्रकांवर प्रती देण्याची सक्ती आली. सत्तावनच्या उठावानंतर दहा वर्षांनी झालेल्या त्या कायद्यामागे ज्ञानप्रेमापेक्षा पाळतीचा हेतू अधिक होता. तरीही त्यातून प्रांताप्रांतांच्या ज्या त्रैमासिक याद्या निघाल्या, त्यांत पुस्तकाचे नाव, भाषा, विषय, मुद्रक, पृष्ठे, छापलेल्या प्रतींची संख्या आणि किंमत इतका तपशील असे. राज्यकर्त्याने संशयाने केलेली नोंद पुढे इतिहासकाराचे भांडवल ठरली. त्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळली गेली. त्यामुळे पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्यावरील भार आता अधिकच वाढला आहे.

दोन टक्क्यांचा कर

अर्थशास्त्राच्या भाषेत ग्रंथप्रदान हा वस्तुरूपाने द्यावयाचा एक कर आहे. त्याचा लाभ आजच्या ग्राहकाला होत नाही. पन्नास वर्षांनंतर येणाऱ्या वाचकाला होतो, आणि तो वाचक आज बाजारात येऊन आपली मागणी नोंदवू शकत नाही. म्हणूनच हे काम बाजारावर सोडता येत नाही आणि कायदा लागतो. मात्र या कराचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. हजार प्रतींची कादंबरी काढणाऱ्या शहरी प्रकाशकाला चार प्रती म्हणजे ०.४ टक्के. डहाणूतील एखाद्या संस्थेने दोनशे प्रतींची पुस्तिका छापली, तर त्याच चार प्रती २ टक्के होतात. बोजा पाचपट झाला, आणि टपालखर्च वेगळाच. उलट कायदा मोडल्याबद्दल १९५४ साली ठरविलेला दंड कमाल पन्नास रुपये आणि वर पुस्तकाची किंमत. तोही अधिकृत अधिकाऱ्याने न्यायालयात तक्रार केल्यावाचून होऊ शकत नाही. कायदा पाळणे खर्चाचे आणि मोडणे स्वस्त, अशी ही रचना आहे.

ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथपाल अँटोनिओ पानीझी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रती न देणाऱ्या प्रकाशकांवर सरळ दावे लावले, आणि ग्रंथांचा ओघ वाढला. आपल्याकडे तसे धैर्य दाखवावे असे कोणी म्हणेल. पण शाळेची स्मरणिका काढणाऱ्या शिक्षकावर खटला भरून काय साधणार? त्याला मुळात असा कायदा आहे हेच ठाऊक नसते. वस्तुतः कायद्यातील ‘पुस्तक’ या शब्दाची व्याख्या फार उदार आहे. कोणत्याही भाषेतील लहानशी पुस्तिका, स्वतंत्र छापलेला नकाशा, आराखडा हे सारे तिच्यात बसते. शेतकरी संघटनेची चौपानी पुस्तिका आणि पाचशे पानांचा प्रबंध यांत कायदा भेद करीत नाही. भेद होतो तो व्यवहारात.

आणखी एक फट खुद्द कायद्यातच आहे. सरकारी प्रकाशनांना हा कायदा लागू आहे. परंतु केवळ कार्यालयीन उपयोगासाठी असलेली प्रकाशने त्यातून वगळली आहेत. डहाणूपुरते पाहिले तर या अपवादाचे मोल ध्यानात येते. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद सांभाळले. या प्राधिकरणाने वाढवणच्या बंदरास १९९८ साली नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने संमती दिली. बंदर असावे की नसावे यावर मतभेद असू शकतात. परंतु नकाराची कारणे आणि संमतीची कारणे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा अधिकार डहाणूच्या विद्यार्थ्याला असावा, यावर मतभेद होण्याचे कारण नाही. अधिसूचना राजपत्रात छापली जाते. आदेश, इतिवृत्ते आणि तज्ज्ञांची टिपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध होत नाहीत. ज्यावर किंमत नाही आणि प्रकाशकाचे नाव नाही, असा कागद ग्रंथप्रदानाच्या जाळ्यातून निसटतो.

नावांचा गुंता

पुस्तक ग्रंथालयात पोहोचले म्हणजे काम संपले, असे नव्हे. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मग वर्गीकरण होते, म्हणजे विषयानुसार कपाटातील त्याची जागा ठरते. त्यानंतर तालिकेत लेखक, शीर्षक आणि विषय यांखाली नोंदी होतात. वीस लाख ग्रंथांच्या वास्तूत ज्या पुस्तकाची नोंद चुकली, ते पुस्तक हरवल्यातच जमा असते. दहा रुपयांच्या पुस्तिकेची नोंद करण्यास तिच्या किमतीहून अधिक खर्च येतो. पण तो खर्च टाळला, तर पुस्तिकेवर झालेला सगळाच खर्च वाया जातो.

या कामातील अडचण डहाणूच्याच उदाहरणाने पाहू. के. जे. सावे यांचा वारली समाजावरील इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी झरी येथे परिषद भरली आणि वारल्यांच्या लढ्याला तोंड फुटले. शामराव परुळेकर यांनी त्या उठावावर लिहिलेली इंग्रजी पुस्तिका १९४७ साली निघाली. समाज एकच, पण रोमन लिपीत त्याचे नाव सावे एका अक्षराने सुरू करतात, तर परुळेकर दुसऱ्या. तालिका वर्णानुक्रमे असते. जाणत्या तालिकाकाराने दोन्ही रूपांना ‘पाहा’ अशा नोंदीने जोडले नाही, तर एक ग्रंथ मिळालेल्या वाचकाला दुसऱ्याचा पत्ता लागणार नाही. गंजाड येथील चित्रकार जिव्या सोमा यांचे आडनाव कोठे ‘मशे’ छापले जाते, तर कोठे ‘म्हसे’. गोदावरी परुळेकरांना अर्धा महाराष्ट्र गोदूताई म्हणून ओळखतो.

स्थळनामांचा गुंता याहून मोठा आहे. उठाव झाला तेव्हा हा मुलूख मुंबई प्रांतातील ठाणे जिल्ह्याच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत मोडत होता. १९६० साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा उंबरगावचा काही भाग गुजरातेत गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. आज एखादी विद्यार्थिनी तालिकेत ‘पालघर’ या नावाखाली शोध घेऊ लागली, तर २०१४ पूर्वीचे जवळजवळ काहीच तिच्या हाती लागू नये, हे स्वाभाविक आहे. तिचा जिल्हा ‘ठाणे’ या नावाखाली झाकलेला आहे. तलासरीचा इतिहास शोधणाऱ्याने आधी ‘उंबरगाव’ पाहावे, हे तिला कोणी सांगावयाचे? संगणक आला, आता सारे आपोआप सापडेल, असा एक समज आहे. परंतु यंत्र जुळवते ती अक्षरे. पालघर म्हणजे एके काळचे ठाणे, हे ज्ञान त्यात माणसानेच घालावे लागते.

विषयाचेही तसेच. ड्यूई दशांश पद्धतीत लोकसाहित्य एका वर्गात, समाजशास्त्र दुसऱ्यात, चित्रकला तिसऱ्यात, इतिहास चौथ्यात. वारल्यांच्या घरात भिंतीवरचा लग्नाचा चौक, धवलेरीने म्हटलेली गीते आणि कणसरी देवीची उपासना या एकाच विधीच्या तीन बाजू आहेत. ग्रंथालयात त्या तीन दालनांत वाटल्या जातात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, ही कल्पना जगाच्या शिक्षणशास्त्राने दखल घ्यावी अशी आहे. पण परदेशात घडलेल्या विषयशीर्षकांच्या यादीत ‘कुरणशाळा’ कोठून असणार? ती ‘ग्रामीण शिक्षण’ या विशाल शीर्षकाखाली विरून जाते. वर्गीकरणाची ही मर्यादा डॉ. रंगनाथन यांनी फार पूर्वी ओळखली होती आणि १९३३ साली आपली द्विबिंदू पद्धती मांडून विषयाचे अनेक पैलू एकत्र दाखविण्याचा मार्ग सुचविला होता.

भाषेचे खाते

भारतात निघणाऱ्या ग्रंथांची राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. आरंभी तिच्यात सर्व भारतीय भाषांतील नोंदी रोमन लिपीत दिल्या जात. कोलकात्यात बसून चौदा भाषा एका क्रमात लावावयाच्या तर दुसरा सोपा उपाय नव्हता, हे मान्य करावयास हवे. पण मराठी वाचकाला आपल्या भाषेतील पुस्तक परक्या लिपीत शोधावे लागले. ती उणीव मराठीत व्यक्तींच्या कष्टांनी भरून निघाली. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली उभे राहिले, तेही लोकांच्या पैशातून. मराठीला दाते लाभले. वारली बोलीला कोण?

ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात वारली मराठीच्या बोलींमध्ये घातलेली आहे. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींत भाषेसाठी तीन अक्षरी संकेत वापरला जातो. प्रचलित ‘मार्क’ पद्धतीच्या यादीत मराठीला स्वतःचा संकेत आहे, वारलीला नाही. म्हणजे वारलीतील पुस्तिका एक तर मराठीच्या खात्यात जमा होणार, नाही तर ‘इतर’ भारतीय भाषांच्या गाठोड्यात. बोलींचे अधिक बारीक संकेत देणारी एक आंतरराष्ट्रीय यादी २००७ पासून उपलब्ध आहे आणि तीत वारलीला स्थान आहे. ती वापरण्याची इच्छा मात्र हवी. ज्या भाषेचे खातेच उघडले नाही, तिच्यात किती पुस्तके निघाली हा प्रश्न विचारताही येत नाही, आणि मग या भाषेत काही नाहीच, असा निष्कर्ष आपसूक निघतो.

अर्थात, या मुलखातील बहुतेक ज्ञान छापलेलेच नाही. धवलेरीची गीते, वैद्यांची वनस्पतींची माहिती, पाड्यांच्या सीमा आणि वहिवाटीच्या आठवणी ही सारी संपत्ती माणसांच्या मुखी आहे. १९५४ चा कायदा कागद ओळखतो, आवाज ओळखत नाही. फ्रान्ससारख्या देशांनी ध्वनिमुद्रणेही या बंधनाखाली आणली आहेत. वनहक्काच्या नियमांतील वडीलधाऱ्याच्या निवेदनाची अट येथे आठवावी : शब्द पुरावा होतो तो नोंदला गेल्यावर. एक म्हातारा गेला म्हणजे एक दफ्तर गेले, ही येथे केवळ अलंकारिक भाषा राहत नाही.

तालुक्याचे काम

सगळेच जपावे काय, असा आक्षेप घेतला जाईल. लग्नपत्रिका आणि जाहिरातीही कोलकात्यास धाडावयाच्या काय? मर्यादा कोठे तरी घालावीच लागेल. परंतु कशाला मोल येईल, हे त्या त्या काळी कळत नाही, याचा दाखला या तालुक्यांइतका दुसरीकडे क्वचितच मिळेल. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला, तेव्हा तो शासकीय टाचणांपैकी एक होता. आज कर्ज, वेठ आणि जमिनीचा प्रश्न यांचा इतिहास लिहिणारा त्याच्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; ते कोणत्याही ग्रंथालयात सापडेल. पण अशा ग्रंथामागे जी पत्रके, ठराव आणि सभांची टिपणे असतात, ती पुरस्कार मिळण्याची वाट पाहत नाहीत. वाळवी त्यांना आधीच गाठते.

उपाय कोट्यवधींचा नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अनुदानित ग्रंथालयांचे जाळे आहे, जिल्हा ग्रंथालय अधिकारी आहेत. पालघर जिल्ह्यात वर्षभरात जे जे छापले गेले, म्हणजे शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, बोलीतील वाचनपाठ, संघटनांच्या पुस्तिका, पंचायत समितीची प्रकाशने, त्या सर्वांच्या पाच प्रती जिल्हा पातळीवर गोळा कराव्यात. चार कायद्याप्रमाणे रवाना व्हाव्यात, पाचवी तालुक्यात राहावी. टपालखर्च सरकारने सोसावा. म्हणजे लहान प्रकाशकावरील तो पाचपट बोजा काहीसा हलका होईल. प्रत्येक प्रतीबरोबर एक साधे टिपण जावे : गावाचे नाव, जुना तालुका, बोली, लेखकाच्या नावाची प्रचलित रूपे, आणि विषय स्थानिक लोकांच्या शब्दांत. कोलकात्यातील तालिकाकाराला कुरणशाळा म्हणजे काय ते ठाऊक नसणे हा त्याचा दोष नव्हे. ते त्याला न कळविणे हा आपला.

हे टिपण लिहावयाला पंडित लागत नाही. तालुक्यातील शिक्षक, पंचायत समितीतील कारकून आणि महाविद्यालयातील विद्यार्थी ते लिहू शकतात. पाड्यावरच्याच घरातून आलेला विद्यार्थी तर ते कोणाहूनही अचूक लिहील. महाविद्यालयांत प्रकल्प म्हणून जी वह्यांची रद्दी दरवर्षी साठते, तिच्या जागी गावोगावच्या छापील कागदांची सूची आणि वृद्धांच्या निवेदनांची नोंद झाली, तर त्या श्रमाला अर्थ येईल.

राष्ट्रीय ग्रंथालय कोलकात्यात असले, तरी त्याचा संग्रह कोलकात्यात तयार होत नाही. तो डहाणूच्या छापखान्यात आणि तलासरीच्या शाळेत सुरू होतो. तेथून जे निघालेच नाही, ते बेल्व्हेडिअरच्या कपाटात कधीही पोहोचणार नाही. आणि उद्या कोणी दावेदार हातात अर्ज घेऊन पुरावा शोधावयास निघाला, तर तालिकेतील रिकामी जागा त्याच्या विरुद्ध साक्ष देईल.